साहेबांची बदली झाली, आता आमच्या दोन लेनचं काय?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की आमचा स्विमिंग क्लब सार्वजनिक तलावावर चालायचा आणि त्यातली तेरा वर्षं मी सेक्रेटरी होते. झालं. एवढ्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं पाण्याचंच करावं लागलं. ज्यांनी गुडघेदुखी आणि गच्चीवरच्या टोमॅटोबद्दल विचारलंय त्यांनी जरा थांबा, पुढच्या वेळी घेते.

ताई नमस्कार. आमचा क्लब छोटा आहे, ३४ मुलं आणि दोन कोच. गेली सात वर्षं पहाटे सहा ते सात आम्हाला दोन लेन मिळत होत्या. कागद काहीच नाही. आधीचे साहेब स्वतः पोहणारे, ते म्हणायचे या तुम्ही, पोरं पोहू देत. जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तुम्ही कोण, परवानगी दाखवा. आम्ही काय दाखवणार? आठ दिवस पोरं गेटवरून परत जातायत. काही पालक म्हणतात नगरसेवकाला घेऊन जाऊ, काही म्हणतात पेपरात देऊ. काय करावं?
– एक सेक्रेटरी, पश्चिम उपनगर

दादा, आधी ती दोन्ही कामं करू नका. नगरसेवक घेऊन गेलात तर साहेब त्या दिवशी हो म्हणतील, चहा पण देतील, आणि मग तुमची फाइल अशी काही फिरेल की तुम्हाला ती परत दिसायची नाही. शिवाय त्या मार्गावर सगळंच टाकून बसू नका, मुंबईत मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली त्यानंतर बराच काळ प्रशासकच कारभार बघत होते, त्या काळात ज्या क्लबांचं सगळं नगरसेवकाच्या फोनवर चालायचं त्यांचे काय हाल झाले ते मी जवळून पाहिलेत. पेपरात द्यायचं तर ते शेवटचं, आणि तुम्ही अजून पहिली पायरीच चढलेला नाहीत.

तुम्हाला राग येईल पण सांगते, नवीन साहेबांचं चुकलेलं नाही. जरा विचार करा, माणूस नवीन, तलाव नवीन, पहाटे सहाला ३४ पोरं पाण्यात आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये त्यातल्या एकाचंही नाव नाही. उद्या एखाद्या पोराला पाण्यात चक्कर आली तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार ना, की ही मुलं कोणाच्या परवानगीने आत होती? आधीच्या साहेबांनी तुम्हाला मनापासून मदत केली यात शंका नाही, पण परवानगी त्यांच्या खिशातच राहिली आणि बदली झाली तशी त्यांच्याबरोबर गेली. आमचं सेम झालेलं. चार वर्षं गोडीगुलाबीत, आणि मग एके दिवशी ऑडिटवाल्यांनी विचारलं की सकाळच्या दोन लेनचं उत्पन्न कुठे दिसत नाही ते, आणि बिचाऱ्या क्लार्कला जबाब द्यावा लागला. तो क्लार्क नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही, आणि बरोबरच होतं त्याचं.

आता काय करायचं ते बघा. पहिलं, तुमचा तलाव नेमका कोणाच्या हाताखाली आहे ते शोधा. हसू नका, निम्म्या क्लबांना माहीत नसतं. पालिकेचे काही तलाव ती स्वतः चालवते, पण अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आणि मुलुंडचं संकुल बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानकडे आहे, म्हणजे तिथला अर्ज वॉर्ड ऑफिसात दिलात तर तो नुसता या टेबलावरून त्या टेबलावर जात बसणार. काही ठिकाणी रोजचं काम कंत्राटदाराकडे असतं, म्हणजे गेटवर अडवणारा माणूस एकाचा आणि सही करणारा दुसऱ्याचा. सही कोणाची लागते ते एकदा कळलं की अर्धं काम झालं.

दुसरं, तुमच्या सात वर्षांचा काहीतरी माग असेलच, तो काढा. कोचची हजेरी वही, मुलांची मेंबरशिप कार्डं, स्पर्धेला तलाव मिळावा म्हणून कधी पत्र दिलं असेल त्याची पोच, तलावावरच्या बक्षीस समारंभाचे फोटो. आणि त्या तलावाचं लेन वाटपाचं धोरण काय, आधी कुठल्या संस्थांना कशा अटींवर परवानगी दिलीय, हे माहिती अधिकारात मागवा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. पण लिहिताना भाषा सौम्य ठेवा हं. लोक माहिती अधिकाराचा अर्ज नोटीस पाठवल्यासारखा लिहितात आणि मग म्हणतात साहेब वाकड्यात शिरले.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा क्लब म्हणजे कागदावर कोण? व्हॉट्सॲप ग्रुपला कोणी परवानगी देत नाही. सात जण मिळून १८६०च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आपल्याकडे तीच मग १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण नोंदवावी लागते, काम वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. कटकट आहे, खोटं नाही बोलणार. दरवर्षी हिशोब तपासून द्यायचा, कमिटी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा, आणि हा बदल अर्ज तर सगळेच विसरतात, मग दहा वर्षांनी कळतं की कागदोपत्री सेक्रेटरी अजून तेच काका आहेत जे मुलाकडे अमेरिकेला गेले. पण नोंदणी नंबर असला की तुम्ही चार पालक राहत नाही, संस्था होता, आणि साहेबांना सही करायला काहीतरी आधार मिळतो.

मग अर्ज. एका पानाचा. त्यात 'सहकार्य करावे ही नम्र विनंती' एकदाच लिहा आणि बाकी सगळं ठोस, कुठले वार, किती ते किती, किती लेन, जास्तीत जास्त किती मुलं, काठावर क्लबचं कोण उभं राहणार, प्रत्येक मूल पालकाच्या हमीपत्रासह आणि मेडिकल सर्टिफिकेटसह, अपघात झाला तर आधी कोणाला फोन, आणि किती पैसे देणार. हो, पैसे. फुकट मागू नका. फुकट मिळालेली लेन कधीही जाते, पावती फाडलेली लेन काढून घ्यायला कारण लिहावं लागतं. मुदत एक वर्षाची मागा, ३१ मार्चपर्यंत, आणि पुढच्या वर्षाचा अर्ज जानेवारीतच टाका. अर्ज आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, नोंदवून नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, क्लार्क म्हणेल ठेवून जा मी बघतो, गोड हसून उभं राहायचं.

आणि तोपर्यंत पोरांना घरी बसवू नका. ज्यांची मेंबरशिप आहे त्यांनी आपापल्या बॅचला साधे मेंबर म्हणून जावं, कोचने बाहेर थांबावं. काठावरून ओरडून प्रॅक्टिस घेऊ नका, परवानगीचा अर्ज टेबलावर असताना तर अजिबातच नाही.

मॅडम, मी ६८ वर्षांचा, रोज सकाळी ८०० मीटर पोहतो, वर्षाची फी एकरकमी भरतो. आमच्या तलावावर एका क्लबने तीन लेन बळकावल्यात. उरलेल्यात आम्ही माशांसारखे एकमेकांवर आपटतो. तुम्ही क्लबवाल्या, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार, तरी विचारतो.
– एक नाराज मेंबर, दादर परिसर

काका, नाही घेणार. तुमचं बरोबर आहे.

सार्वजनिक तलाव आहे, त्यावर पहिला हक्क फी भरून येणाऱ्या साध्या माणसाचा. क्लब हे विसरला की ऑफिसशी कितीही चांगले संबंध असोत, एक दिवस तुमच्यासारखे वीस जण सह्या करून देतात आणि क्लब बाहेर. मला विचाराल तर आठ लेनच्या तलावात क्लबला तीन लेन फक्त अशा वेळेला द्याव्यात जेव्हा बाकीची गर्दी नाही, सकाळी सात ते नऊ अजिबात नको. फक्त एक सांगते, राग येऊ द्या पण ऐका. एका लेनमध्ये क्लबची दहा पोरं पोहतात कारण ती एका बाजूने जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. आणि बाकीच्या लेनमध्ये चार माणसं एकमेकांवर आपटतात कारण दोघं मध्यावर उभे राहून शेअर मार्केटवर बोलत असतात. तेव्हा ऑफिसला लेखी द्या की लेनवर हळू, मध्यम, जोरात असे बोर्ड लावा, आणि क्लबच्या कमिटीला सांगा की वेळापत्रक ठरवताना तुमच्यातला एक माणूस बसवा. बसवला नाही तर सह्यांचा कागद आहेच.

ताई, माझी मुलगी १३ वर्षांची, बटरफ्लाय मारते. दरवर्षी एप्रिल-मे आला की क्लबची वेळ कापतात, कारण काय तर २१ दिवसांच्या शिकाऊ बॅचेस. नेमकं तेव्हाच शाळेला सुट्टी असते, तेव्हाच मुलं जास्त पोहू शकतात. शिवाय दोन वर्षांपूर्वी पाणीकपात झाली तेव्हा आम्हाला म्हणाले तलावच बंद करावा लागेल. शहराला खेळाडू नकोत का?
– एक आई, पूर्व उपनगर

ताई, तुमची मुलगी पोहायला कुठे शिकली? मी पैज लावते अशाच एखाद्या २१ दिवसांच्या बॅचमध्ये, रबरी कॅप घालून, काठाला धरून पाय मारत. या शहराला तिन्ही बाजूंनी समुद्र आणि निम्म्या लोकांना पोहता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातल्या शिकाऊ बॅचवर मी कधीच रागावू शकत नाही. खात्याच्या दृष्टीने तर तेच मुख्य काम, आपली पोरं पदकं आणतात तो बोनस.

पण तुमची अडचण खरी आहे, आणि त्यावर भांडण्यापेक्षा सौदा करा. आम्ही काय केलेलं, आमच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना शिकाऊ बॅचेसना हाताखाली मदतीला दिलं, किकबोर्ड आणणं, रडणाऱ्या पोराजवळ उभं राहणं, पाण्यात घाबरलेल्याचा हात धरणं. प्रशिक्षकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतःच ऑफिसला सांगितलं यांना रात्रीची शेवटची बॅच द्या. आणि दुसरी गंमत, ५० मीटरचा तलाव बहुतेक वेळा २५ मीटर रुंद असतो. खोल बाजूला शिकाऊ पोरं नसतातच, तिथे आडवं पोहता येतं, पंचवीस-पंचवीसचे सेट, टर्न जास्त, बटरफ्लायला तर उलट चांगलं. नुसतं 'आमची वेळ का कापली' विचारण्यापेक्षा 'खोल बाजूचा पट्टा आडवा द्या' हे विचारलं तर साहेबांना हो म्हणणं सोपं जातं, कारण त्यात कोणाचं काही जात नाही. फक्त त्या बाजूला जीवरक्षक उभा असणार की नाही ते आधी ठरवून घ्या, नसेल तर नको.

पाण्याचं म्हणाल तर जरा आकडेमोड करू. ५० बाय २५, सरासरी खोली दोन मीटर धरा, म्हणजे २५०० घनमीटर, २५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर! आकडा ऐकून कोणीही म्हणणार बंद करा. २०२४ला ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात होती, घरी नळाला धार नाही आणि टीव्हीवर निळाशार तलाव दिसला तर लोक चिडणारच, मीही चिडले असते. पण हे पाणी रोज बदलत नाहीत, तेच फिल्टरमधून फिरत राहतं, नवीन पाणी लागतं ते उन्हाने उडालेलं आणि फिल्टर उलटा धुताना गेलेलं भरून काढायला. उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर उडालं असं धरलं तरी सहा हजार लिटरच्या आसपास, एका टँकरपेक्षा कमी. तेव्हा कपातीच्या वेळी 'तलाव बंद करू नका' असं नुसतं म्हणू नका, म्हणा की अंघोळीचे शॉवर अर्धा वेळ बंद ठेवा, आमची पोरं घरून अंघोळ करून येतील. आम्ही शॉवरसमोर स्वतः वही घेऊन बसलो होतो एक उन्हाळा. लोक हसायचे, पण तलाव चालू राहिला.

आमच्या क्लबचे कोच प्रत्येक मुलाकडून महिन्याला रोख पैसे घेतात, पावती नाही. आता तलावाच्या ऑफिसने त्यांना आत यायला बंदी केली. कोच म्हणतात ऑफिसचा कंत्राटदार जळतोय. खरं काय?
– एक बाबा

खरं मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. पण सार्वजनिक तलावावर रोख पैसे घेऊन खासगी शिकवणी, ही एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी ऑफिसने क्लबला हाकललं तर मी ऑफिसच्या बाजूने उभी राहीन. पैसे क्लबच्या खात्यात, कोचला मानधन क्लबकडून, आणि कोचचं नाव, सर्टिफिकेट, आधारची प्रत ऑफिसकडे लेखी दिलेली असायला हवी.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. कोच म्हणजे जीवरक्षक नाही. कोचचे डोळे हातावर, किकवर, स्टॉपवॉचवर असतात, जीवरक्षकाचे अख्ख्या पाण्यावर. 'आमचे कोच आहेतच' म्हणून जीवरक्षकाशिवाय पहाटेची बॅच मागणारे क्लब मला माहीत आहेत आणि मला त्यांची भीती वाटते. आणि चेंजिंग रूममध्ये कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर थांबणार नाही, हा नियम क्लबने स्वतः लिहून ऑफिसला द्यावा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्यानंतर खात्यांना याची धास्ती असतेच, तुम्ही आधी दिलंत तर ते तुम्हाला वेगळ्या नजरेने बघतात.

पाणी हिरवट दिसलं म्हणून मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तो कोणीतरी पुढे पाठवला, आणि आता तलावाचा सगळा स्टाफ क्लबवर खप्पामर्जी. मी चुकले का?
– एक मेंबर

पाणी हिरवट असेल तर बोललात ते बरोबर, ज्याच्याशी बोललात ते चूक. आधी फिल्टर प्लांटवाल्याकडे जायचं. त्याच्याकडे वही असते, क्लोरीन किती, पीएच म्हणजे पाण्याचा आम्लपणा किती, कधी तपासलं. पीएच ७.२ ते ७.८च्या मध्ये हवा, मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग. वही दाखवा म्हटलं की बहुतेक जण दाखवतात, उलट त्यांना बरं वाटतं की कोणाला तरी पडलीय. नाही दाखवली तर लेखी अर्ज. आणि काठावर उभं राहून खोल बाजूचा तळ दिसत नसेल तर वही काहीही सांगो, त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही आणि कोणाला उतरू द्यायचं नाही.

स्टाफबद्दल आपण फार सहज बोलतो. ऑक्टोबर २०२३मध्ये दादरच्या तलावात सकाळी मगरीचं पिल्लू सापडलं, दोनेक फूट लांबीचं, त्यावर आठ दिवस सगळ्यांनी विनोद केले, मीही केले. पण ते पोहणाऱ्यांच्या आधी स्टाफला दिसलं, का, तर बॅच सुरू व्हायच्या आधी रोज कोणीतरी अख्खा तलाव फिरून बघतं. तुमच्याकडेही तो माणूस आहे. त्याचं नाव माहीत आहे का तुम्हाला? उद्या जा, फोटो पुढे गेला त्याबद्दल सॉरी म्हणा. मेसेज नको, समोर जाऊन.

दिवाळीला साहेबांना काही द्यावं का? आमच्या कमिटीत दोन गट पडलेत.
– एक खजिनदार

साहेबांना काही नाही. फराळाचा डबासुद्धा नको, कारण पुढच्या वर्षी तो डबा मोठा होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यात पाकीट येतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना मिळून चिवडा-लाडू ठेवा, झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांना, आणि खर्च वहीत लिहा.

त्यापेक्षा त्यांना तुमच्या वार्षिक स्पर्धेला बोलवा. साहेबांना खुर्ची आणि नारळ असतोच, मी बाकीच्यांचं म्हणतेय. आम्ही एकदा फिल्टर प्लांटवाल्या काकांना स्टार्टर केलं, म्हणजे शिट्टी वाजवून शर्यत सुरू करणारे. एकोणीस वर्षं त्याच तलावावर होते पण पंपाच्या खोलीतून स्पर्धा कधी पाहिलीच नव्हती. पांढरा शर्ट इस्त्री करून आले, शिट्टी तोंडात धरली आणि इतका वेळ फुंकेचनात की पहिल्या हीटची तीन पोरं आधीच पाण्यात. नियमाप्रमाणे तिघंही बाद, काकांनी त्यांना हाताला धरून वर काढलं आणि परत ब्लॉकवर उभं केलं, आणि जज म्हणून बसलेल्या आमच्या कोचबाई वहीत बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.